मडगार्डला जुळणारा निळा

गॅरेजमध्ये माझ्या बाबांना सगळे उस्ताद म्हणतात. मालकीणबाईंनी रंग मोजायचा काटा आणलाय, नंबरांचं जाडजूड पुस्तक आणलंय, पण बाबा त्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. मगात थोडं हे, थोडं ते, काडीनं ढवळायचं, काडी गाडीला लावून बघायची. झालं.

या सुट्टीत मीही स्प्रेगन धरायला शिकले. आणि खरं सांगते, मला मस्त येतं! भाषणाचं बक्षीस मिळाल्यापासून मी तशीही हवेतच होते.

त्या दिवशी एका निळ्या स्पोर्ट्स कारचं काम होतं. दोनच सीट, जमिनीला टेकेल इतकी बुटकी. बॉनेटखालचे भागही बाहेरच्यासारखेच निळे हवेत, असा गाडीवाल्याचा हट्ट. इंजिनावरचं झाकण आणि एक आडवा दांडा काढून, घासून, प्रायमर मारून तयार होते.

बाबांनी झाकणाला रंग मारला आणि हात पुसले. "मी वरून मारायचं क्लिअर लॅकर घेऊन, जेवून येतो. बघायला परवानगी, हात लावलास तर मार."

मी जवळ जाऊन बघितलं. झाकण हिरवट होतं. टाकीच्या शेवाळासारखं.

गेल्या महिन्यात बाबांनी माझ्यासाठी निळी म्हणून हिरवी छत्री आणली होती. आई आणि मी केवढ्या हसलो होतो! आता हसू येईना. आधीच्या रंगाऱ्याची नजर गेली, तेव्हा मालकीणबाईंनी त्याला गाड्या धुवायला लावलं. आठच दिवसांत तो यायचा बंद झाला. हे मला पॉलिशवाल्या काकांनी सांगितलं होतं, तेही बाबांसमोर. बाबा तेव्हा नुसते मग ढवळत राहिले होते.

मग काय, मी भिडले. थिनरच्या फडक्यानं झाकण पुसून काढलं. बॉनेटखालच्या पट्टीवरून रंगाचा नंबर घेतला, पुस्तक उघडलं, काट्यावर थेंबाथेंबानं निळा केला. दोन हात मारले, दिव्याखाली सुकवलं. मडगार्डशेजारी धरलं तर कुठे झाकण संपतं आणि कुठे गाडी सुरू होते, कळेना! बाबांचा मग मी जागचा हलवला नाही. त्यांना संशय यायला नको होता ना. केवढी हुशार मी.

बाबा परत आले, त्याच वेळी मालकीणबाई गाडीवाल्याला घेऊन आल्या. तो झाकणाकडे बघतच राहिला. "अगदी तोच! कसं काय जमतं तुम्हाला?"

"काटा धूळ खातोय," पॉलिशवाले काका म्हणाले. "उस्तादांपुढे त्याचं काय चालणार?"

बाबा एवढे हसले की मला वाटलं, जिंकलो आपण.

"थांबा," ते म्हणाले, "दांडा तुमच्यासमोरच मारतो." त्यांनी रंगाचा मग उचलला. तोच मग.

"बाबा, आधी चहा..."

"तू गप गं. चहा कुठे पळून चाललाय?"

हात अजून काय सुंदर चालतो त्यांचा! एक थेंब ओघळला नाही. दांडा सुकला तसा त्यांनी तो झाकणाला टेकवून उभा केला आणि सगळ्यांकडे वळले.

"बघा. एकाच आईची लेकरं."

गाडीवाला मालकीणबाईंकडे बघायला लागला. काकांनी पॉलिशचं फडकं उगाच झटकलं. मालकीणबाईंची नजर दांड्यावरून झाकणावर गेली, तिथून काट्यावर आणि शेवटी माझ्या निळ्या नखांवर. मी हात पाठीमागे नेले, पण उशीर झाला होता.

"काय झालं?" बाबांनी विचारलं. मग तेही माझ्या पाठीमागे नेलेल्या हातांकडे बघायला लागले.

त्यांनी दांडा एका हातात घेतला, झाकण दुसऱ्या हातात, आणि दारातल्या उजेडात नेऊन दोन्ही डोळ्यांजवळ धरले. एकदा, परत एकदा. मग माझ्याकडे आले. अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "यातला माझा कोणता?"

दोनशे लोकांसमोर भाषण करणारी मी. मी नुसतं दांड्याकडे बोट केलं.

"बरं," बाबा म्हणाले. त्यांनी झाकण मालकीणबाईंच्या हातात दिलं आणि दांडा घेऊन थिनरचं फडकं शोधायला लागले.

फडकं त्यांच्या समोरच होतं. मी ते उचलून त्यांच्या हातात दिलं.