सातव्या दारापलीकडचं

रोह्याहून सुटलेली गाडी निडीला थांबली तेव्हा अनिताच्या हातातल्या पुस्तकाची शेवटची काही पानं उरली होती. नागोठणे यायच्या आत तीही संपली. पुस्तक मिटून ती खिडकीबाहेर बघत बसली. एवढंच?

ती रोह्याच्या वाचनालयात नोकरीला. सगळं आयुष्य पुस्तकांत गेलेल्या बाईनं मुलांसाठी लिहिलेल्या एका साहसकथेवर इतकं रुसावं, हे तिचं तिलाच चमत्कारिक वाटलं. पण हे पुस्तक ती स्वतःसाठी वाचत नव्हती.

तिचे वडील हैबतराव पेणजवळच्या जोहे गावात, घरच्या कारखान्यात गणपती रंगवायचे. शेवटच्या दुखण्यात खाटेवर पडून कंटाळले तेव्हा म्हणाले, "अने, काहीतरी वाचून दाखव. पण आजारी माणसं नकोत त्यात."

म्हणून तिनं हे जाडजूड पुस्तक आणलं. मिहिका नावाची मुलगी हरवलेल्या बापाला शोधायला निघते. वाटेत सात जादूची दारं. दर दाराशी आपलं काहीतरी कायमचं देऊन टाकायचं, तरच ते उघडणार. रविवारी अनिता रोह्याहून यायची आणि एक दार वाचून व्हायचं. सहाव्या दाराशी मिहिकानं बापाचा आवाज देऊन टाकला. तो हाक कशी मारायचा, ते ती विसरली.

हैबतराव आढ्याकडे बघत म्हणाले, "आता बाप सापडला तरी पोर त्याला ओळखणार कशी?"

"पुढच्या रविवारी कळेल, बाबा."

पुढच्या रविवारपर्यंत ते राहिले नाहीत.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला, आणि कावळा काही शिवेना. झाडावर चांगले चार-पाच बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. धाकटे काका काळुराम हात जोडून म्हणाले, "दादा, वहिनीला आम्ही बघू." कावळे ढिम्म. "कारखाना बंद पडू द्यायचा नाय, दादा." तरी नाही. ऊन चढलं. बायका कुजबुजायला लागल्या. अनिताचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तरी ती पुढे झाली आणि हळूच म्हणाली, "बाबा, पुस्तक पुरं करीन. शेवट घरी येऊन सांगीन."

कावळा आला.

"बघा!" काळुरामकाका डोळे पुसत हसले. "पुस्तकापायी अडला व्हता आमचा दादा!"

आणि शेवट काय, तर हा. सातव्या दाराशी एक घंटा टांगलेली. मिहिका ती वाजवते आणि दिलेलं सगळं एका परिच्छेदात परत मिळतं. बाप उंबऱ्यात उभा राहून हाक मारतो. कायमचं म्हणून दिलेलंसुद्धा परत. हे बाबांना कोणत्या तोंडानं सांगायचं?

पेणला उतरून तिनं जोह्याची एसटी पकडली. खिडकीशी बसून मनातल्या मनात "अने" ऐकायचा प्रयत्न केला. एकदा नीट ऐकू आलं. दुसऱ्यांदा तो आवाज तिचाच होता.

घरी तिची आई मैनाबाई भिजवलेले वाल सोलत बसली होती. फोटोला हार होता. अनितानं पाय धुतले, फोटोसमोर बसून पुस्तक उघडलं आणि सुरुवात केली. सातव्या दाराशी मिहिकाला एक म्हातारा भेटतो, तिला तो ओळखता येत नाही, ती नुसती त्याच्याशेजारी बसते...

"हे पुस्तकातलं नाय," आई म्हणाली.

"कशावरून?"

"तुझी नजर पानावर फिरत नाय. लबाडी करतेस व्हय गो?"

"आई, शेवट अगदीच फालतू आहे."

"असंना का. तू पिंडासमोर काय कबूल केलंस? जे हाय ते वाच."

अनितानं वाचलं. घंटा, लख्ख उजेड, उंबऱ्यातला बाप, सगळं. कुठेही घाई केली नाही, एक शब्द गाळला नाही. वाचून झाल्यावर आईनं हातातली वालाची सालं ताटात टाकली.

"मंग येवढं दिलं ते कशापायी?" आई म्हणाली. "सगळं फुकट परत मिळायचं, तर पोरीला येवढी रडवली कशाला? हे असते तर पुस्तक फेकलं असतं यांनी."

"वाचनालयाचं आहे. मला भरून द्यावं लागलं असतं."

आई हसली. मग अनिताही हसली. हसताना ती किती दमली होती ते तिच्या लक्षात आलं, आणि ती तिथेच भिंतीला टेकली. पुढच्या रविवारी यायला आता काही कारण नव्हतं. इतके दिवस ती शेवटची पानं पुरवून पुरवून का वाचत होती, हेही तिला माहीत होतं.

"पुढचा भाग हाय का याचा?" आईनं विचारलं.

"आहे. मागच्या पानावर जाहिरात आहे."

"तो नको आणू." आईनं ताट तिच्याकडे सरकवलं. "सोल. मी आत काम करायची तेव्हा माझं सगळं ध्यान तुमच्या दारांकडंच असायचं. पाचव्या दाराला आमटी करपली, आठवतंय? रविवारी दुसरं काहीतरी आण. यांनी नको म्हणलेलं चालंल मला. म्हातारी, आजारी, कसलीबी माणसं असू देत."

अनितानं एक वाल उचलला. भिजून साल सुटं झालं होतं. चिमटीत दाबताच दाणा निसटून बाहेर आला.