पाटी आमच्या दारावर, हात खिशात

जिन्यावर कॉफीचा चोथा मीच टाकला. हे आधीच कबूल करून टाकते, कारण तळमजल्यावरच्या फ्रोमरबाई अजून सगळ्यांना सांगत फिरतात की वाल्ट्राउडचं डोकं फिरलंय. माझं डोकं जागेवर आहे. दुसऱ्यांच्या डोक्याच्या वेळा वहीत लिहिणारी बाई आहे मी, ते जागेवर ठेवावंच लागतं.

डॉ. श्टाइमले यांचा दवाखाना स्टुटगार्टच्या पश्चिम भागात, एका राहत्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आहे. मानसोपचाराचा, आणि फक्त बायकांसाठी. बाळंतपणानंतर रडू आवरत नाही, पन्नाशीत डोळ्याला डोळा लागत नाही, नवरा निवृत्त होऊन दिवसभर स्वयंपाकघरात सूचना देतोय, अशा सगळ्या येतात. डॉक्टर ऐकतात. मी एकोणीस वर्षं बाहेरच्या टेबलाशी बसून फोन घेते, कागदी रुमाल भरून ठेवते, आणि सहा आठवड्यांतून एकदा जिना झाडते.

ज्या दारावर लाकडी पाटी टांगलेली, त्या दाराने तो आठवडाभर जिना झाडायचा, पुसायचा, कठड्यावरून फडकं मारायचं. आठवडा संपला की पाटी शेजारच्या दारावर. पाटी असताना जिना घाण राहिला तर आमच्या इमारतीत कुणी भांडत नाही. "सगळं ठीक आहे ना तुमच्याकडे?" एवढंच विचारतात. त्यापेक्षा भांडलेलं परवडलं.

आता क्नाउसबाई. पेशंटबद्दल बोलायचं नसतं हे मला ठाऊक आहे, पण त्यांनीच सांगितलं, "लिही बाई, फक्त नीटनेटकं लिही." वय त्रेसष्ट, पोस्टातून निवृत्त. त्यांचा आजार म्हणजे घाण बघवत नाही. आपली नाही, दुसऱ्याची नाही, कुणाचीच नाही. मुलगी स्वेन्या बाळंतपणासाठी इस्पितळात गेली आणि बाईंनी तिचं घर आवरायला घेतलं. कप्पे उपसले, मसाले उंचीप्रमाणे लावले, आणि फ्रिजमधली एक बुडबुडे येणारी, आंबूस वासाची बरणी रिकामी करून उकळत्या पाण्याने धुतली. त्या बरणीत जावयाचं पावाचं आंबवण होतं. नऊ वर्षं रोज पीठ खाऊ घालून जगवलेलं. त्याचं नाव ओटो होतं.

जावई मुलीच्या जन्मानंतर रडला, ते आनंदाने की ओटोसाठी, हे अजून नक्की झालेलं नाही.

स्वेन्याने आईला निरोप धाडला : एक कप कॉफी संपेपर्यंत फडक्याला हात न लावता बसून दाखव, मग बाळ मांडीवर मिळेल. तोवर फोटो. बाळ, आल्मा, सहा आठवड्यांची झाली तरी आजीने तिला फोनच्या काचेवरच पाहिलेलं, आणि ती काचसुद्धा दर वेळी आधी पुसून. सांगताना बाई रडल्या. मग रुमालाच्या खोक्याखालची धूळ पुसली.

डॉक्टरांनी मला आत बोलावलं.

"वाल्ट्राउड, या आठवड्यात पाटी आपल्याकडे आहे ना? शुक्रवारपर्यंत जिना झाडायचा नाही. क्नाउसबाई सोमवार, बुधवार, शुक्रवार येतील. हात खिशात घालून त्या घाणीतून वर चढतील. शुक्रवारी मुलगी येईल बाळाला घेऊन. दाराबाहेर दोन खुर्च्या मांडायच्या, समोर घाण जिना, आणि कॉफी."

"पाच दिवस? लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतील, याच भीतीवर आपला दवाखाना चालतो," डॉक्टर म्हणाल्या. त्या चेष्टा करत नव्हत्या. त्यांना जमत नाही.

सोमवारी जिना बऱ्यापैकी स्वच्छच होता. मंगळवारी सकाळी बघते तर लखलखतोय! मला वाटलं, मीच झोपेत झाडला की काय. मग अकराच्या सुमाराला खालून खसखस आवाज आला. डोकावून बघितलं तर आमच्या एक वकीलबाई, छातीत धडधडतं म्हणून येणाऱ्या, सूटबूट घालून नवव्या पायरीवर ओणव्या. हातात छोटा ब्रश.

"अहो, हे काय करताय?"

"दहा मिनिटं लवकर आले होते," त्या शाळकरी पोरीसारख्या उभ्या राहिल्या. "पाटी तुमच्या दारावर आणि कोपऱ्यात हे असं. ब्रश माझ्या गाडीत असतोच."

"राहू द्या. मुद्दाम ठेवलंय."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी परत टेबलाशी येऊन बसले. खरं कारण सांगायची सोय नव्हती. आणि कारण नाही म्हटल्यावर या बायकांनी आपापलं कारण शोधलं. दुपारच्या बाईने व्हिनेगर आणलं. तिच्यानंतरचीने कठडा पुसला. संध्याकाळची जाता जाता माझ्या कानाशी लागली.

"डॉक्टरांचं काय बिनसलंय?"

"काही नाही."

"जिना झाडवत नाही, म्हणजे सुरुवात झाली. माझंही असंच झालं होतं. तुम्ही सोबत राहताय ना त्यांच्या?"

बुधवारी डॉक्टरांसाठी दोन पातेली मसुरीची आमटी आली. गुरुवारी तिसरं. एका बाईने आपल्या तासातला अर्धा वेळ डॉक्टरांनाच "बोला, मोकळ्या व्हा" म्हणण्यात घालवला. डॉक्टर गोंधळून बाहेर आल्या. "वाल्ट्राउड, मी थकल्यासारखी दिसते का?"

"नाही हो. आमटी घ्या."

आणि क्नाउसबाई? बुधवारी त्या खिशात हात घालून, ओठ आवळून वर आल्या आणि म्हणाल्या, "पण घाण कुठंय?" जिन्यात तोंड दिसत होतं. बाई हिरमुसल्या. आजार बरा करायला आल्या होत्या आणि आजारच कुणीतरी पुसून नेला होता. "शुक्रवारी मी जमवेन कसं, इथं सरावच झाला नाही तर?" मला एकदम राग आला. कुणाचा ते सांगता येत नाही, बहुधा आम्हा सगळ्यांचा.

म्हणून शुक्रवारी सकाळी लवकर आले. फिल्टरमधला कॉफीचा चोथा, खिडकीतल्या जिरॅनियमची माती, आणि दोन ब्रेत्सेल, ते खारे वेटोळे पाव, चुरून, मिठाच्या खड्यांसकट. दुसऱ्या मजल्यापासून आमच्या दारापर्यंत बावीस पायऱ्या. मूठमूठ टाकत वर येत होते. माझ्या आईने पाहिलं असतं तर तिथेच बसली असती.

आईने नाही, फ्रोमरबाईंनी पाहिलं. कठड्याला धरून उभ्या होत्या.

"वाल्ट्राउड! तू जिन्यावर माती टाकतेयस?"

"उपचार आहे, फ्रोमरबाई."

"कुणाचा?"

आता कुणाचा कसं सांगू? त्यांचा चेहरा हळूहळू मऊ झाला. माझा खांदा थोपटला. "बिचारी," म्हणाल्या, आणि खाली गेल्या. एकोणीस वर्षांत त्या पहिल्यांदाच माझ्याशी प्रेमाने वागल्या, आणि ते मला अजिबात सोसलं नाही.

त्या दिवशी मी फोन करून बाकी सगळ्यांच्या वेळा पुढे ढकलल्या. "डॉक्टर विश्रांती घेताहेत का?" प्रत्येकीने विचारलं. मी "हो" म्हटलं आणि चौथ्या पातेल्याची मनाची तयारी केली.

चार वाजता क्नाउसबाई आल्या. पहिल्या पायरीवर थबकल्या. खिशातल्या मुठी बाहेरून दिसत होत्या. पायाखाली मीठ करकरलं की त्या डोळे मिटायच्या. मधेच म्हणाल्या, "वाल्ट्राउड, ही जिरॅनियमची माती आहे का?"

"बोलू नका. चढा."

बावीसही चढल्या. खुर्चीत बसल्या तेव्हा कपाळावर घाम होता, पण हात खिशातच. मी कॉफी ओतली. डॉक्टर दारात उभ्या राहिल्या. बाईंनी उजवा हात बाहेर काढला, कप उचलला, आणि डावा हात मांडीखाली दाबून धरला.

स्वेन्या पंधरा मिनिटं उशिरा आली. आल्मा पोटाशी बांधलेली. वळणावर ती थांबली.

"हे काय आहे?"

"ये, वर ये," आई म्हणाली. "कॉफी गरम आहे."

स्वेन्या दोन पायऱ्या चढली, परत एक उतरली. बुटाच्या टोकाने मातीचा एक छोटा ढीग केला. मग दुसरा. "पाटी तर या दारावर आहे."

"आहे ना."

"मग झाडलं का नाही?"

"मला काय माहीत? मी कॉफी पितेय."

"आई, तुला हे दिसत नाहीये?"

"दिसतंय गं."

"आणि तू बसून राहणार?"

"तूच सांगितलंस."

स्वेन्याने ओठ आवळले. अगदी तसेच, बुधवारी वर येताना आईने आवळले होते तसेच. तिची नजर कोपऱ्यात टेकवलेल्या केरसुणीवर गेली. ती मीच विसरले होते. डॉक्टरांनी माझ्या कोपराला धरलं, काही बोलू नकोस म्हणून.

स्वेन्या भराभर उरलेल्या पायऱ्या चढली आणि गाठ सोडली.

"आई, बाळाला धर जरा. दोन मिनिटं. मला हे बघवत नाही."

आणि आल्मा आजीच्या हातात आली, केरसुणी स्वेन्याच्या.

खालून फ्रोमरबाई ओरडल्या, "कोपऱ्यात आडवी मार, पोरी! आडवी!" स्वेन्याने तशीच मारली. धूळ उडाली. कॉफी निवत होती. क्नाउसबाई मान खाली घालून बसल्या होत्या, दोन्ही हात भरलेले, आणि जिना आहे की नाही हेही त्यांना माहीत नसावं.

आल्मा एकदा शिंकली आणि मग आजीच्या इस्त्रीच्या पांढऱ्या कॉलरवर दूध ओकली. बरंच. ते ओघळत बटणांपर्यंत आलं. सवयीने मी ओलं फडकं घेऊन धावले.

क्नाउसबाईंनी वर पाहिलं नाही.

"राहू दे," त्या म्हणाल्या.