अकरा दिवे, एक बल्ब

"घरात दिवे अकरा, आणि तांदूळ निवडायला मात्र खिडकीशी येऊन बसायचं!"

श्यामलाबाई हे सुपाशीच बोलल्या. बोलल्या हळूच, पण दोन खोल्यांच्या घरात हळू बोलून उपयोग नसतो. जमिनीवर मांडी घालून एका दिव्याची वायर सोलत बसलेल्या जोतीरामनं ते ऐकलं आणि मान खाली घालून हसला. कॉटवरच्या त्र्यंबकरावांनीही ऐकलं असणार. त्यांचे डोळे मिटलेले होते, पण ओठाचा एक कोपरा हलला.

तक्रार खरी होती. शुक्रवार पेठेतल्या त्या भाड्याच्या घरात तुळईवरून एक वायर लोंबत होती आणि तिला एक चाळीसचा बल्ब. त्या बल्बाच्या उजेडात, कॉटखाली, कपाटावर, मोरीच्या भिंतीला टेकून, जुन्या लुगड्यांत गुंडाळलेले अकरा दिवे. त्यांतला एकही आजवर लागला नव्हता.

त्र्यंबकराव हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. गावातली हौशी माणसं जुनं जमवायची म्हणजे पितळ-तांबं जमवायची. समया, घंगाळं, पानाचे डबे. यांचं सगळंच निराळं. संस्थान गेलं तसे साहेबलोकांचे बंगले रिकामे झाले, फिल्म स्टुडिओंच्या गोदामांतलं सामान बाहेर पडलं, आणि त्यात तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे जे दिवे निघाले ते हे जुन्या बाजारातून उचलून आणू लागले. स्टीलच्या उंच नळीवर ठेवलेली दुधी काचेची ताटली. मान वाकवणारा टेबलावरचा दिवा. एकावर एक बसवलेल्या तीन काचेच्या चकत्या. ना वेल, ना मोर, ना कळस.

"बघ, एक रेघ जास्तीची नाही," असं म्हणून ते नळीवरून बोट फिरवायचे.

शेजारच्या धोंडुबाईंनी एकदा डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, "दवाखान्यातनं उचलून आणल्यागत दिसतंय की वो, मास्तर!"

"मग बरंच झालं, नजर लागायची नाही," मास्तर म्हणाले.

हे सगळं सागरमाळावरच्या घरासाठी होतं. तिथं त्यांचा प्लॉट होता आणि घर होतं ते ग्राफच्या कागदावर. कुठला दिवा कुठल्या कोपऱ्यात, त्याची सावली कुठं पडणार, इथपर्यंत त्यांनी पेन्सिलीनं आखून ठेवलं होतं.

आणि दिवे लागले नव्हते ते श्यामलाबाईंमुळं. बासष्ट साली पहिला दिवा आणला त्या संध्याकाळी त्र्यंबकराव प्लग लावायला निघाले, तेव्हा यांनीच त्यांचा हात धरला. "नव्या घरातला उजेड भाड्याच्या घरात उष्टा करायचा नाही. वास्तुशांत झाली की लावा." असलं काही शास्त्र कुठं लिहिलेलं नव्हतं. पंचविशी-तिशीतली बायको, बोलून गेली, आणि आपण काहीतरी छान बोललो असं तिला वाटलं. एरवी शास्त्राला हसणाऱ्या नवऱ्यानं ते मात्र चौदा वर्षं पाळलं.

म्हणून जोतीरामची ती तऱ्हा. बिंदू चौकाजवळ त्याचं विजेच्या दुरुस्तीचं दुकान होतं आणि दर रविवारी तो एक दिवा घेऊन बसायचा. सुतळीसारखी जुनी वायर काढायची, नवी ओवायची, मग तिच्या टोकांना टॉर्चचे सेल आणि हरभऱ्याएवढा बल्ब जोडायचा. तो मिणमिणला की वायर ठीक. दिवा तसाच काळोखात. "कुवारा ठेवला बघा, वैनी," असं म्हणून तो पुन्हा लुगडं गुंडाळायचा.

श्रावणात त्र्यंबकरावांना तपासून झाल्यावर मिरजेच्या डॉक्टरांनी श्यामलाबाईंना व्हरांड्यात बोलावलं. "दिवाळी होईल. पुढचं मी सांगू शकत नाही," एवढंच म्हणाले. एस.टी.तून परत येताना त्र्यंबकरावांनी काय झालं विचारलं नाही, आणि यांनी सांगितलं नाही. त्या दिवसापासून घरात ती गोष्ट सोडून सगळं बोललं जायचं. मेथी कशी जून निघाली, धोंडुबाईंची मांजर कुठं व्याली. घरासाठी साठवलेलं औषधांत चाललं होतं, म्हणून श्यामलाबाईंनी बांधकामाला ठरवलेल्या गुंडू मिस्त्रीला परस्पर नाही म्हणून सांगितलं.

दसऱ्याच्या संध्याकाळी त्यांनी नवऱ्याच्या हातावर सोनं ठेवलं.

"कुदळ मारली का मिस्त्रीनं?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

खरं सांगायचं ठरवूनच त्या आत आल्या होत्या. "मारली," त्या म्हणाल्या.

कुदळ मारली म्हटल्यावर पाया आलाच. दिवाळीत जोतं झालं. मार्गशीर्षात भिंती छातीएवढ्या आल्या. श्यामलाबाई भाजीला गेल्या की वाट वाकडी करून कुणाचं घर चाललं असेल तिथं उभ्या राहायच्या, शब्द गोळा करून आणायच्या आणि रात्रीच्या पेजेबरोबर चमच्याचमच्यानं नवऱ्याला द्यायच्या. गवंडी पान खाऊन विटांवर थुंकतात, असं सांगितलं तेव्हा तर ते बऱ्याच दिवसांनी मोठ्यानं हसले.

जोतीरामही ओढला गेला. "खिडक्यांच्या चौकटी बसल्या, मास्तर! सागवानी हाईत!"

बाहेर पायरीवर श्यामलाबाईंनी त्याला गाठलं. "सागवानी कशाला म्हणालात? आपल्याला परवडतं का?"

"खोटंच हाय, तर लाकूड तरी चांगलं घालू की, वैनी."

त्या घाई करत होत्या, हे त्यांनाही कळत होतं. घर झाल्याशिवाय वास्तुशांत नाही आणि वास्तुशांत झाल्याशिवाय दिवे नाहीत. आपल्या एका बोलण्यापायी या माणसानं आपले दिवे कधी लागलेले बघितले नाहीत, ते त्याला एकदा दाखवायचे होते. तसेच लावावेत, तर त्याचा अर्थ नवऱ्याला लगेच कळला असता. म्हणून संक्रांतीला त्यांनी तिळगुळाबरोबर स्लॅबही टाकून मोकळं केलं.

जोतीरामनं कपाळाला हात लावला. "वैनी, सलाब टाकून बसलासा? आता म्हणतील, न्या मला घर बघाय. तवा काय दावणार? गवत?"

हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. स्वयंपाकात मीठ जास्त पडलं तर बटाटा टाकता येतो. घराचं काय करायचं? त्यांनी चार दिवस गिलावा लावला, मग पाचव्या दिवशी काही बोलल्याच नाहीत. घर तिथंच थांबलं. त्र्यंबकरावांनीही विचारलं नाही. त्यांचा आवाज आता कॉटच्या कडेपर्यंतच पोचायचा.

तांदूळ निवडून झाले. जोतीरामच्या हातातला तो दुरुस्तीतला अकरावा दिवा, पण आणलेला सगळ्यांत पहिला, उंच नळीचा. त्यानं सेल जोडले. हरभऱ्याएवढा उजेड झाला आणि गेला. आता दुरुस्त करायला काही उरलं नव्हतं. तो प्लग हातात धरून नुसता बसून राहिला, एकदा भिंतीकडं बघत, एकदा वैनींकडं.

"गिलावा ओला आहे अजून," श्यामलाबाई घाईनं म्हणाल्या. "वाळला की लगेच..."

"सिमेंटचं परमीट कुणी काढलं?" त्र्यंबकरावांनी डोळे न उघडता विचारलं.

श्यामलाबाईंचा हात सुपावर थांबला. परमीट. कचेरीत अर्ज करायचा, महिनोन्‌महिने खेटे घालायचे, तेव्हा कुठं चार पोती मिळायची. गावात शेंबडं पोरही हे जाणत होतं. त्यांनी एकही पोतं न आणता अख्खा स्लॅब टाकला होता.

जोतीराम वायरीची गाठ सोडवू लागला. तिला गाठ नव्हती.

"जोत्यापासून वाट बघतोय, आता खरं सांगशील, मग सांगशील," ते म्हणाले. वर्गात पोरीचं वर्तुळ चपटं निघालं की ज्या आवाजात सांगायचे, त्याच आवाजात. "पण बांधलंस चांगलं. चौकटी तर मला फारच आवडल्या."

"अहो, तसं नाही... शिमगा झाला की मिस्त्री..." श्यामलाबाई म्हणू लागल्या.

त्र्यंबकरावांनी चादरीबाहेर हात काढला. श्यामलाबाई उठून कॉटच्या कडेला बसल्या; त्यांच्या बोटांना तांदळाची पांढरी भुकटी होती, ती नवऱ्याच्या मनगटाला लागली.

"जोतीराम, लाव तो प्लग," ते म्हणाले.

जोतीराम हलला नाही. वैनींचं काय ते ठरल्याशिवाय तो हलणार नव्हता.

"वास्तुशांतीला लावायचाय ना," श्यामलाबाई कशाबशा म्हणाल्या. "इतकी वर्षं थांबलात, अजून थोडं..."

"वास्तुशांत होणार नाही, श्यामला," त्र्यंबकराव म्हणाले. "मी मरतोय."