चौसष्टच्या आत

सकाळी दहा वाजून तीस मिनिटांनी पितळीच्या हृदयाचे ठोके मिनिटाला बहात्तर भरले. चौसष्टच्या आत हवे होते.

जनावरांच्या डॉक्टरांनी कानातली नळी काढली, आकडा कागदावर लिहिला आणि कागद रपेट शाळेच्या बाईंपुढे धरला. बाईंनी तो वाचून मोतद्दाराकडे पाहिलं. मोतद्दार स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत होता.

पितळी सतरा वर्षांची, पितळेच्या रंगाची घोडी. शाळेत येणारा प्रत्येक नवशिका आधी तिच्यावर बसायला शिके, मग तिच्यावरून पडायला. शाळेचा नियम असा की सोळा वर्षांवरच्या घोड्याला दर वर्षी वीस मिनिटं दुडक्या चालीने पळवायचं आणि थांबल्यावर दहा मिनिटांनी ठोके मोजायचे. उतरले नाहीत तर थांबल्यापासून अर्ध्या तासाने पुन्हा. तेव्हाही हुकलं तर घोडा बाद, रवानगी दोनशे किलोमीटरवरच्या कुरणात. कुरण चांगलं आहे असं सगळेच सांगत. मोतद्दाराने ते पाहिलं नव्हतं आणि पाहायची त्याला हौसही नव्हती.

तीन महिन्यांपूर्वी पितळी दोन्ही मोजण्यांत नापास झाली होती. येणारा-जाणारा तिच्या तोंडात काहीतरी कोंबत होता, पळायचं काम मात्र कोणी देत नव्हतं. पोट इतकं सुटलं होतं की खोगिराचा तंग पहिल्या भोकाला लावतानाही मोतद्दाराला गुडघा टेकवावा लागे.

"तीन महिने देते," बाई मोतद्दाराला म्हणाल्या होत्या. "त्यापुढे माझ्या हातात काही नाही, मामा."

मामा कामाला लागले. पहिले पंधरा दिवस नुसती चाल. मग दोन मिनिटं दुडकी, मग पाच, मग शाळेमागच्या चढावर. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. खाण्यात आधी पाणी, मग वाळलं गवत, शेवटी दाणा, तोही तोलून. मुठीचा अंदाज बंद. कामावरून आल्यावर दीड तास दाण्याला हात नाही. सकाळी सहा, साडेदहा, दुपारी चार, रात्री आठ, अशा चार वेळा. मिनिट इकडचं तिकडे होत नसे. शाळेत लोक त्यांना घड्याळमामा म्हणायला लागले. घरी बायको वेगळं म्हणायची.

"माझा तराजू कुठंय?"

"तबेल्यात."

"सवतीला तोलून-मापून वाढता. मी जेवले का, हे विचारलंत कधी?"

"तुझे ठोके कोण मोजतंय?"

"तेच म्हणते मी," बायको म्हणाली आणि डाळ अंदाजाने घातली.

तिसऱ्या महिन्यात तंग चौथ्या भोकावर आला. घरच्या घरी घेतलेल्या मोजणीत ठोके दहा मिनिटांत अठ्ठावन्नवर उतरू लागले. मामांनी कोणाला सांगितलं नाही. दृष्ट लागते यावर त्यांचा विश्वास नव्हता, पण उगाच कशाला, यावर होता.

परीक्षा आठला ठरली होती. डॉक्टर पावणेदहाला आले; गाडीचं चाक पंक्चर झालं होतं. दहाला पितळी पळू लागली, दहा वीसला थांबली. घाम नेमका, श्वास लयीत. दहा पंचवीसला डॉक्टरांनी सहज नळी लावून पाहिली.

"साठ! मामा, घोडी तरणी केलीत की."

"मग लिहून टाका ना," बाई म्हणाल्या.

"दहा मिनिटांनी म्हणजे दहा मिनिटांनीच."

दहा एकोणतीसला पितळीने कान टवकारले. मामांकडे वळली. पुढच्या डाव्या पायाने जमीन उकरली, एकदा, दोनदा. मामांनी घड्याळात पाहिलं. रोज या वेळी ते दाण्याचा डबा घेऊन वळत असत.

आणि ठोके बहात्तर झाले.

"हे थकव्याचं नाही, डॉक्टर," मामा म्हणाले. "तिची दाण्याची वेळ झालीय."

"रोज याच वेळी देता?"

"याच मिनिटाला."

डॉक्टरांनी कागद उलटसुलट पाहिला. "यात त्यासाठी रकाना नाही."

"मूठभर देऊन टाका, शांत होईल," बाई म्हणाल्या.

"मोजणी संपेपर्यंत तोंडात काही जाणार नाही," डॉक्टर म्हणाले. "दिलंत तर परीक्षा इथेच संपली. दुसरी मोजणी दहा पन्नासला."

दहा पस्तीसला पितळी मामांच्या खिशाला नाक लावून उभी होती. दहा चाळीसला बाईंनी डॉक्टरांना मधेच एकदा मोजायला लावलं. सत्तर.

"मामा," बाई हळूच म्हणाल्या, "तुम्ही जरा लांब जाता का?"

कोणी थप्पड मारावी तसे मामा उभे राहिले. मग त्यांनी लगाम बाईंच्या हातात दिला. अंगातल्या जाकिटाला दाण्याचा वास होता, ते काढून गुंडाळून काखेत घेतलं. मागे न पाहता अंगण ओलांडलं आणि बाहेर जाऊन फाटक ओढून घेतलं. पितळीची मान त्यांच्यामागोमाग फाटकापर्यंत वळली होती, असं बाईंनी नंतर सांगितलं.

बाहेर रस्त्यावर एक सायकलवाला थांबला. "काय मामा, आज बाहेर? काढून टाकलं की काय?"

"मला नाही अजून."

भिंत उंच होती. पलीकडे चालीचा आवाज आला. बाई पितळीला फिरवत असाव्यात. मग तो थांबला.

दहा पन्नासला डॉक्टरांचा आवाज आला. "धरा घट्ट. पूर्ण मिनिट मोजतो."

मामांनी घड्याळावर नजर ठेवली. सेकंदकाटा फिरत राहिला. तो वर पोचायला थोडा अवकाश होता की पोचून पुढे गेला होता, हे घाम डोळ्यांत उतरल्यामुळे त्यांना नीट दिसलं नाही; पण त्याच सुमारास भिंतीपलीकडे पितळी एकदा, लांब, खिंकाळली. खिंकाळी मोजणीच्या आतली, म्हणजे ठोके चढवणारी, की नंतरची, हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता.

दहा पंचावन्नपर्यंत फाटक आतून कोणी उघडलेलं नव्हतं.