आठ घड्यांचा कागद

औषधांच्या पॅकिंगच्या कारखान्यात ती नऊ वर्षं एकच काम करत होती. गोळ्यांच्या पट्टीबरोबर खोक्यात जे माहितीपत्रक जातं, त्याला आठ घड्या घालायच्या. चांगला हातभर कागद नखाने दाबत दाबत काडेपेटीएवढा करायचा, की लगेच पुढचा. तासाला चारशे. त्यावर काय छापलंय ते तिने कधी वाचलं नव्हतं. पगार घड्यांचा मिळत होता, वाचायचा नाही.

नवरा दोन गल्ल्या पलीकडे औषधांच्या दुकानात काउंटरवर. गेल्या महिन्यात तिची दाढ सुजून गाल टम्म फुगला, तेव्हा त्यानेच अँटिबायोटिक कॅप्सूलची सुटी पट्टी आणून दिली. "सकाळ-संध्याकाळ एक. डॉक्टर कशाला हवाय? मी काय पंधरा वर्षं तिथे माश्या मारतोय?"

सूज उतरली. आणि आठव्या दिवशी दुसरंच सुरू झालं. खाज अशी की स्टुलावर बसवेना, लघवीला आग, अंगावरून फाटलेल्या दुधासारखं पांढरं जायला लागलं. मधेच उठावं तर सुपरवायझर आधी तिच्याकडे बघायची, मग घड्याळाकडे. आणि सांगणार काय? दाढ दुखते म्हणून गाल धरून बसता येतं. हे म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

शेवटी तिने नवऱ्यालाच सांगितलं. औषधातला माणूस आहे, काहीतरी आणून देईल, असं तिला भाबडेपणाने वाटलं. त्याने उशी उचलली आणि बाहेरच्या खोलीत झोपायला गेला.

"असलं दुखणं घरात बसून होत नाही," सकाळी तो म्हणाला. "बाहेरून येतं."

"बाहेरून म्हणजे?"

"ते तूच सांग."

ती आधी हसलीच. मग तिने त्याचा चेहरा बघितला. अकरा वर्षांत त्याने तिच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. संध्याकाळी नणंदेचा फोन आला. "कारखान्यात पुरुषही असतात ना गं?" एवढं विचारून वन्संनी मग तब्येतीची चौकशी केली. म्हणजे बायकोचं दुखणं बायकोशी बोलवत नव्हतं, बहिणीला मात्र साग्रसंगीत सांगून झालं होतं. आणि गुरुवारी त्याने निकालच दिला. "रविवारी तुझ्या भावाला बोलावलंय. त्याच्यासमोर काय ते होऊ दे, आणि मग जा त्याच्याबरोबर."

भावासमोर! ज्याच्यासमोर ती पाळी हा शब्दसुद्धा उच्चारत नसे. त्या रात्री तिचा डोळा लागला नाही.

शुक्रवारी सकाळी टेबलावर नव्या पत्रकांचा गठ्ठा आला. माथ्यावरचं नाव ओळखीचं वाटलं. त्याच कॅप्सूलचं होतं. हात घडी घालत राहिले, डोळे मात्र खाली सरकत गेले. 'काही स्त्रियांना हे औषध घेतल्यावर योनिमार्गात बुरशीचा संसर्ग होऊन खाज येणे, पांढरा स्राव जाणे...' पाचवी घडी तिरकी पडली. तिने पुन्हा वाचलं. नऊ वर्षांत अशा किती पत्रकांना तिने घड्या घातल्या असतील! काखेत कळसा आणि गावाला वळसा.

तिरकं पत्रक रद्दीच्या पेटीत टाकायचं असतं. तिने ते मोज्यात सरकवलं आणि जेवणाच्या सुट्टीत तडक दुकान गाठलं.

काउंटरपाशी एक म्हाताऱ्या बाई होत्या. आवाज अगदी खाली आणून त्या सुनेचं काहीतरी सांगत होत्या. ती मागे थांबली.

"अँटिबायोटिक चालू होतं का तिला?" नवरा मऊ आवाजात विचारत होता. "मग झालं तर! त्याने अंगातले चांगले जंतूही मरतात, मावशी, आणि बुरशी वाढते. होतं बायकांना. ही ट्यूब द्या, आठवड्यात बरं वाटलं नाही तर डॉक्टरांना दाखवा. आणि पोरीला बोलू नका हं काही. तिचा काय दोष?"

मावशी आशीर्वाद देत गेल्या. त्याने मान वर केली आणि चपापला.

"हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"अगं, गिऱ्हाइकाला असंच सांगायचं असतं. कंपनीचा माणूस सांगून गेलाय. तेवढाच धीर."

लोका सांगे ब्रह्मज्ञान! तिला ओरडावंसं वाटलं, रडावंसंही वाटलं. तिने वाकून मोज्यातला कागद काढला आणि त्याच्यापुढे ठेवला. त्याने चष्मा चढवला, ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचलं. आणि त्याचा चेहरा असा उजळला, जणू आळ त्याच्यावर होता आणि तोच सुटला.

"अरे, खरंच छापलंय की! आधी नाही का दाखवायचंस? उगाच डोक्याला ताप. ही घे ट्यूब. तुझ्या भावाला आत्ता फोन करून सांगतो, येऊ नकोस म्हणून."

अकरा वर्षांच्या बायकोवर बसला नाही तो विश्वास रद्दीतल्या कागदावर बसला होता. तिने ट्यूब घेतली. कागदही घेतला आणि काउंटरवर सावकाश त्याच्या आठ घड्या घातल्या, एकही तिरकी न पडू देता.

"फोन नका करू. येऊ दे त्याला."

"अगं, पण आता तर सगळं कळलं ना?"

"कळलं," ती म्हणाली. "म्हणूनच येऊ दे. बॅग जड होईल, मला एकटीला उचलवणार नाही."