केझियाचा गुलाबी झगा

मिस लेटिशा थॉर्नबीची चित्रं लंडनच्या प्रदर्शनाला जायच्या आधी गावातल्या बायका ती बघायला यायच्या, चहा प्यायच्या आणि कौतुक करून जायच्या. यंदा लेटिशाला शेखी मिरवायची जरा जास्तच हुक्की आली होती. "मी घरी बसून एक रेघही ओढत नाही हो," ती सांगत होती. "समोर जे दिसतं, तेच कागदावर."

आणि नेमक्या तेव्हाच पाद्रीसाहेबांच्या पत्नी मिसेस पेनफोल्ड मधल्या जलरंगातल्या चित्रापाशी थबकल्या. बहरलेलं सफरचंदाचं झाड, पलीकडे उतरतं कुरण आणि झाडाखाली गुलाबी झग्यातली केझिया ड्रूएट.

"ही आपली धोबीण ना? कधी काढलंत हे?"

"गेल्या मे महिन्यात," लेटिशा बोलून गेली.

"मेमध्ये? अहो, हिचा नवरा एप्रिलमध्ये गेला!" मिसेस पेनफोल्डनी चष्मा सारखा केला. "त्याला पुरून महिना उलटला नाही, आणि ही बया गुलाबी लेवून झाडाखाली! आणि हिलाच आम्ही चर्चकडची विधवांची खोली द्यायला निघालो होतो. बरं झालं, आधीच कळलं."

साफ खोटं होतं ते. केझिया काळ्यातच उभी होती. पण एवढ्या बहरात तो काळा झगा म्हणजे शाईचा डाग, आणि दुखवट्यातली बाई दिवाणखान्यात कोण टांगणार? म्हणून लेटिशाने घरी आल्यावर त्यावर दाट गुलाबी रंगाचा थर चढवला होता. एका वाक्यात हे सांगता आलं असतं. पण आत्ताच मारलेली बढाई गिळायची कशी? लेटिशाने सगळ्यांना केक वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी केझिया तिच्या दारात हजर. हात कोपरापर्यंत लाल, डोळेही लाल.

"बाईसाहेब, खोली गेली माझी. इकडे घरमालक म्हणतोय, शनिवारपर्यंत बिऱ्हाड हलव. मी पाद्रीणबाईंना म्हटलं, अहो, गुलाबी झगा होताच कुठे? एकुलता एक होता, तो नवरा गेला त्याच दिवशी काळ्या रंगात उकळला. तर म्हणतात, मिस थॉर्नबी बघून काढतात, त्या कशाला खोटं काढतील?"

"माझंच चुकलं, केझिया."

"ते मला काय सांगता? मला ठाऊकच आहे. त्यांना सांगा की!"

लेटिशाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चित्र काखोटीला मारून ती तशीच निघाली. केझिया मागोमाग आली आणि पाद्रीसाहेबांच्या घरासमोर रस्त्यातच थांबली.

"झगा काळाच होता," आत गेल्या गेल्या लेटिशाने सांगून टाकलं. "रंग मी बदलला. चित्र खपावं म्हणून."

मिसेस पेनफोल्डचे डोळे भरून आले. "किती मोठं मन तुमचं! त्या बाईपायी खोटेपणा स्वतःच्या अंगावर घेताय!"

"नाही हो, खरंच..."

"पुरे. तुम्हाला काय आम्ही आज ओळखतो? बसा, चहा घ्या."

पुरावा मांडीवरच होता. ओला रुमाल गुलाबीवरून फिरवला असता तर खालचा काळा उघडा पडला असता. काळा रंग कागदात पार मुरलेला होता. टेबलावर पाण्याचा जगही होता. पण मग चित्र हातचं गेलं असतं, आणि वर्षभरात तिच्याकडून एवढं चांगलं दुसरं झालं नव्हतं. लेटिशाने रुमाल काढला. कपाळ पुसलं. तिला लाज वाटत होती, स्वतःची किळस येत होती, आणि तरीही तिने रुमाल परत खिशात घातला.

"साखर?"

"एक चमचा," ती म्हणाली.

चहा संपेपर्यंत तिने खिडकीबाहेर पाहायचं टाळलं. शेवटी पाहिलंच. केझिया दाराकडे डोळे लावून तिथेच उभी होती.

लेटिशा चित्र उराशी धरून उठली आणि मागच्या दाराने बाहेर पडली.