उजव्या हाताची जागा

डेल्मर मॅगर्डने ट्रकमधल्या दगडावरची घोंगडी ओढली आणि कोरीव अक्षरं उन्हात चमकली. 'टोबायस मॅगर्ड. इंग्रज राजाशी लढला. खिंड ओलांडून लेकरांना केंटकीत आणलं.' टेकडीवरच्या घरच्या दफनभूमीत जमलेल्या सगळ्या मॅगर्ड मंडळींच्या छात्या फुगल्या. मे महिन्यातला शेवटचा रविवार, दरवर्षी थडगी सजवायचा दिवस होता. थडग्यांवरचं गवत खरडून, फुलं वाहून झाली होती. ओकच्या सावलीत लांबलचक टेबलांवर कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेले पिठाचे डंपलिंग, घेवडा, मक्याचा पाव आणि सफरचंदाचा थरांचा केक झाकून ठेवला होता. आता सगळ्यांत वरच्या थडग्यावर दगड बसवायचा आणि जेवायला बसायचं, एवढंच उरलं होतं.

एकटी आर्डिथ पुढे सरसावली.

आर्डिथ ही डेल्मरची चुलत बहीण. ऐन तिशीत विधवा झाली, शाळेची बस चालवून पोरं वाढवली, आणि ती मार्गी लागल्यावर घराण्याचा माग काढायला लागली. मॅगर्ड लोक व्हर्जिनियातून कधी उठले, वाटेत कुठे थांबले, कुठे दोन पिकं काढून पुढे सरकले, हे तिनं चर्चची जुनी आवारं तुडवून पिंजून काढलं होतं. घरचे म्हणायचे, आर्डिथला मुडदे उकरायचा नाद लागलाय. ते ती हसण्यावारी न्यायची. आज मात्र हसून चालणार नव्हतं. सिमेंट एकदा सुकलं की खोटी गोष्ट नातवंडा-पतवंडांच्या डोक्यावर कायमची बसणार होती.

"डेल्मर, थांब जरा," ती म्हणाली. "इथं टोबायस नाहीये रे. त्याचं थडगं मी व्हर्जिनियात बघून आले. हे लोक निघाले ना, त्याच्या आदल्या हिवाळ्यातच गेला तो. पोरांना इथवर आणलं ते त्याच्या बायकोनं, केझायानं. या थडग्यात ती आहे."

"झालं हिचं सुरू!" डेल्मरने कपाळावर हात मारला. "अगं बाई, टोबायस मॅगर्ड व्हर्जिनियात पैशाला पासरी मिळतील. तुझा तो दुसराच कुणीतरी. हा आपला टोबायस, ही शेजारी केझाया. लहानपणापासून बघतेयस ना?"

त्या टेकडीवर सगळे एकाच रीतीने निजलेले होते. डोकं मावळतीला, पाय उगवतीला, आणि बायको नवऱ्याच्या डाव्या हाताला. अगदी वरचं थडगं पहिलं, त्यावर बिनअक्षरी धोंडा. त्याच्या डावीकडे तसाच आणखी एक, आकाराने लहान.

"मग त्या लहान धोंड्यापाशी सळई टोचून बघ, खड्डा केवढा आहे ते," आर्डिथ म्हणाली. "मोठी बाई निघाली तर मी तोंड शिवते, वर आज सगळ्यांची भांडी घासते."

लोक हसले. डेल्मर हसला नाही. घरातली सगळी थडगी तो स्वतः खणत आला होता. एकदा खणलेली माती आणि कधीच न हललेली माती त्याला सळईच्या मुठीतून कळायची. त्यानं ट्रकमधली सळई आणली, टोपी काढली आणि धोंड्यापासून पायांच्या दिशेने सळई टोचत निघाला. माती मऊ लागली, मऊच लागली, आणि एकाएकी कडक झाली. त्यानं मागे येऊन पुन्हा टोचून बघितलं. मोठं माणूस मावेल एवढी ती जागाच नव्हती.

"लेकरू आहे गं," तो हळूच म्हणाला.

"आईच्या कुशीला आहे," आर्डिथ म्हणाली. "वर टोबायस असेल, तर मग त्याची बायको कुठंय, डेल्मर? आणि वरच्या थडग्याच्या उजवीकडे कुणालाच का नाही पुरलं?"

"तिथं खडक आहे. बाबा सांगायचे."

"बाबांनी खणून बघितला होता?"

उजवीकडे जाऊन डेल्मरने सगळा भार टाकून सळई दाबली. ती मुठीपर्यंत आत गेली. घट्ट, कोरी चिकणमाती. खडकाचा मागमूस नव्हता.

सगळ्यांत म्हातारी ऑली आत्या खुर्चीतून म्हणाली, "खडक तुम्हा पुरुषांनी बोलण्यातच घातला तिथं. माझी आजी म्हणायची, ती जागा सोडा, ती दिलेली आहे. कुणाला, ते मी विचारलं नाही. आणि मला तरी इतकी वर्षं कुणी विचारलंय?"

डेल्मर सळई टाकून खाली बसला. आर्डिथही थडग्याशेजारी गवतावर बसली.

"नवऱ्याला डोंगरापलीकडे पुरून आली," ती म्हणाली. "पोरं पुढे, गाय मागे. शॉनी लोकांच्या मुलखात शिरायचं, ते आपली जमीन सोडायला तयार नव्हते, त्यांचं तरी काय चुकलं! एक लेकरू इथं गेलं, ते कुशीला घेतलं. आणि उजव्या हाताची, नवऱ्याची जागा त्याच्यासाठी ठेवली. तो येणार नाही हे ठाऊक असून. पुढच्यांना कारण आठवेना, पण एकानेही ती जागा मोडली नाही रे."

"माझं मधलं नाव टोबायस आहे," डेल्मर म्हणाला. "बाबांचंही तेच होतं."

"असू दे की. राजाशी लढला तो खराच. पण खिंड त्यानं नाही ओलांडली."

मागून कुणीतरी सुचवलं, मग दगड त्या मोकळ्या जागेवर लावून टाकू.

"नाही," डेल्मर उठत म्हणाला. "तो तिथं नाही. तिनं मोकळी ठेवलीय, मोकळीच राहील." त्यानं ट्रकपाशी जाऊन दगडावर घोंगडी नीट पांघरली.

मग तो टेबलांपाशी गेला. जेवणाआधी घराण्याला उभं करण्याचा मान थोरल्याचा. त्याचा आजा, त्याचा बाप आणि आजवर तो स्वतः एकच हाक देत आले होते, टोबायसची लेकरं, उभी राहा. डेल्मरने घसा खाकरला. मग अख्ख्या दरीला ऐकू जाईल असा तो ओरडला.

"केझायाची लेकरं, उभी राहा!"

माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग ऑली आत्या काठी टेकत उठली आणि तिच्यामागून बाकं खडखडली, सगळी टेकडी उभी राहिली. आर्डिथ तेवढी थडग्यापाशी बसून रडत होती. डेल्मर तिच्याकडे चालत आला आणि त्यानं हात पुढे केला.

"ऊठ की गं," तो म्हणाला. "तिचीच ना तू?"

आर्डिथ उठली. आयुष्यात इतकी ताठ ती कधी उभी राहिली नव्हती.